बाईपुढे न म्हणायचं गाणं

रेल्वेत होते असं सांगितलं की लोक विचारतात, "तिकिटाच्या खिडकीवर?" नाही म्हटलं की, "मग ऑफिसात?" तेही नाही म्हटलं की विचारणारा घुटमळतो. "मेट होते," असं मी सांगते आणि बहुतेकांचा चेहरा कोरा होतो. माझ्या सख्ख्या नणंदेने कितीतरी वर्षं अकोल्यातल्या शेजारणींना मी स्टेशनमास्तर आहे असंच सांगून ठेवलं होतं. एकदा तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले, तर एका बाईने मला गाडीची वेळ विचारली. मला ती माहीत होती म्हणून नणंदेची अब्रू वाचली.

तर मेट म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम. टोळीला आम्ही गँग म्हणतो. पाच-सहा किलोमीटरचा एक तुकडा, दहा-बारा माणसं आणि त्यांच्यावर एक मेट. रूळ लोखंडाचा असला तरी तो गप्प पडून राहत नाही. उन्हाळ्यात वाढतो, थंडीत आकसतो, वरून गाड्या धावतात तसा बोट-अर्धं बोट इकडेतिकडे होतो. त्यात आमची वऱ्हाडची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि तिच्यावरचा भराव एका जागी म्हणून बसत नाही. घाटातले रेल्वेवाले दरडीच्या नावाने बोटं मोडतात, आम्ही मातीच्या. माझा तुकडा मूर्तिजापूर आणि बोरगाव मंजूच्या मधला होता. आजूबाजूला कपाशी आणि सोयाबीन, मध्ये एक नाला, एक फाटक आणि सावलीला मोजून चार बाभळी.

रूळ सरळ आहे की नाही हे पाहायला आता मोठाली यंत्रं आली आहेत. ती येतात, काम करतात, जातात. रोजच्या कामात मात्र अजून मेटचा डोळाच चालतो. मेट गँगपासून शंभरेक फूट लांब जातो, रुळाजवळ बसतो, मान वाकवून गाल जवळजवळ लोखंडाला टेकवतो, एक डोळा मिटतो आणि रुळाच्या कडेवरून नजर लावतो. जिथे रूळ बाहेर गेला असेल तिथे गँगची माणसं खडी उपसून, सब्बली म्हणजे लोखंडी पहारी लावून उभी असतात. मेटने डावा हात हलवला की डावीकडे ढकलायचं, उजवा हलवला की उजवीकडे, दोन्ही हात वर केले की बस.

मी अशी नजर लावून बसले असताना एकदा शेजारच्या वावरातला एक म्हातारा भरावाच्या खाली येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "बाई, काय हारपलं? कानातलं पडलं काय?"

"नाही बाबा, रूळ पाहून राहिली."

"रूळ तं मले इथून दिसून राहिला नं," तो म्हणाला आणि खाली वाकून खडीत माझं कानातलं शोधू लागला. गाडीची वेळ झाली तेव्हा त्याला बाजूला घेताना नाकी नऊ आले. जाताना त्याने मला बजावलं, की सोनं घालून कामाला येत जाऊ नका.

बाई मेट म्हणून काही हुकूम माझे मलाच काढावे लागले, कारण रेल्वेच्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हते. उघड्या माळावर आडोसा नसतो. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं, की दिवसातून दोनदा मी शिट्टी वाजवीन, तेव्हा सगळ्यांनी पाच मिनिटं अकोल्याकडे तोंड करून बसायचं. हा हुकूम गँगने इतका मनावर घेतला की एकदा बडनेऱ्याकडून गाडी येतेय म्हणून मी शिट्टी वाजवली, तर सगळे रुळाबाहेर झाले आणि गाडीकडे पाठ करून ओळीने बसले. गार्डाला काय वाटलं असेल देव जाणे. त्या दिवसापासून दोन कामांच्या दोन वेगळ्या शिट्ट्या झाल्या.

माझा नवरा रेल्वेत की-मन होता. रोज सकाळी आपला तुकडा पायी चालून रुळाची प्रत्येक पकड तपासणारा माणूस म्हणजे की-मन. तो आजारात गेला आणि त्याच्या जागी मला नोकरी मिळाली. बारा वर्षं दुसऱ्या गँगमध्ये खडी उपसली, परीक्षा दिली, मेट झाले आणि या अनोळखी गँगवर आले. नोकरीचा इतिहास इतकाच. मला सांगायचं आहे ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल, आणि ज्याच्या बाबतीत ती झाली त्या तुळशीरामभाऊंबद्दल.

तुळशीरामभाऊ गँगमधले सगळ्यात जुने. उंच, हडकुळे, कानाला मफलर, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. मी येण्याआधी आठ महिने मेटची जागा रिकामी होती आणि गँग तेच सांभाळत होते. पण त्यांची खरी ख्याती वेगळी होती. ते गँगचे बोलणारे होते. रूळ सरकवताना आठ सब्बलींचा जोर एकाच क्षणी लागला तरच रूळ हलतो. म्हणून एकजण ओळ म्हणतो, बाकीचे 'हय्या' म्हणतात आणि त्या 'हय्या'वर सगळे मिळून रेटतात. तुळशीरामभाऊंनी ओळ म्हटली की रूळ आपणहून सरकतो, अशी आख्यायिका मी माझ्या आधीच्या गँगमध्ये असल्यापासून ऐकत होते. ऐकली होती आख्यायिका. ओळ काय आहे ते मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मी आले आणि गँग अचानक सभ्य झाली. शिवी नाही, तंबाखूची पिंक नाही, "हो बाई", "नाही बाई". एकजण तर डबा खाताना माझ्याकडे पाठ करून बसायचा. मला वाटलं, काय आपला दरारा! घरी येऊन मी हे पोरीला सांगितलंसुद्धा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता नाल्याजवळचा भराव खचला आणि रूळ बाहेर गेला. अशा वेळी तिथे कॉशन लागतो, म्हणजे प्रत्येक गाडीने त्या ठिकाणी हळू जायचं. मग वर सगळीकडे एकच प्रश्न सुरू होतो, हा तुकडा कोणाचा? आम्हाला सकाळी दोन गाड्यांच्या मधली चाळीस मिनिटं मिळाली. या मोकळ्या वेळेला ब्लॉक म्हणतात. मी लांब जाऊन नजर लावली. उजवा हात हलवला.

काहीच झालं नाही. आठ माणसं सब्बली धरून एकमेकांकडे पाहत उभी. मी पुन्हा हात हलवला. मग एकाने रेटलं, त्याच्यामागून दुसऱ्याने, मग तिघांनी. ढोल एकीकडे आणि लेझीम एकीकडे असा प्रकार. रूळ जागचा हलला नाही. तुळशीरामभाऊ सब्बलीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे पाहत होते. तोंड गच्च मिटलेलं. ब्लॉक संपला, गाडी हळूहळू आमच्या शेजारून पुढे गेली आणि ड्रायव्हरने खाली पाहून मान हलवली. ती मान मी अजून विसरले नाही.

दोन दिवसांनी पुन्हा ब्लॉक मिळाला. पुन्हा तेच. मी ओरडले, "भाऊ, बोला ना! ओळ म्हणा!" तर ते म्हणाले, "नाई होत बाई. घसा बसला."

घसा बसलेला माणूस दहा मिनिटांनी फाटकवाल्याला नाल्यापलीकडून हाका मारत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ महिने मेटगिरी केलेल्या माणसाला बाईच्या हाताखाली काम करायचं नाही, म्हणून तो मला सगळ्यांदेखत तोंडघशी पाडतोय, याबद्दल मला शंकाच उरली नाही. त्याच दुपारी मी रिपोर्ट लिहिला. कामात जाणूनबुजून असहकार. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्या दिवशी तर ते फारच सुंदर आलं होतं.

आमच्या सेक्शनच्या साहेबांनी भाऊंना गँगमधून काढून फाटकाजवळच्या खोलीत सामानाच्या राखणीला बसवलं आणि लेखी खुलासा मागितला. निवृत्तीला वर्ष राहिलेलं आणि चौतीस वर्षांच्या कोऱ्या नोंदीवर पहिला डाग लागायची वेळ. मला म्हणाले, "गुरुवारी तिसरा ब्लॉक देतो. तेव्हाही झालं नाही, तर बोरगावच्या गँगला बोलावतो." आपल्या तुकड्यात दुसरी गँग येऊन काम करून जाणं म्हणजे आपल्या घरच्या लग्नात शेजाऱ्यांनी येऊन वाढणं. आणि बाई मेट झाली की असंच होणार, हे म्हणायला सगळी लाइन मोकळी.

भाऊंचा खुलासा आला. साहेबांनी तो मला दाखवला. पूर्ण कागदावर एकच वाक्य होतं, 'माझी चूक झाली, बाईंची काही चूक नाही.'

रेल्वेत असा खुलासा कोणी लिहीत नाही. दुखण्यापासून मयतापर्यंत सगळं सांगून दोन पानं भरतात. तो कागद पाहून मला पहिल्यांदा आपलं काहीतरी चुकलंय असं वाटलं. आमचा की-मन रफिकभाई दुसऱ्या दिवशी सकाळी भेटला, तेव्हा मी त्याला आडूनआडून विचारलं.

तो थांबला. खांद्यावरचा हातोडा खाली ठेवला. "बाई, तुमाले खरंच मालूम नाई? का मजाक करून राहिल्या?"

"काय मालूम नाही?"

"थे भाऊचं गाणं... म्हंजे..." रफिकभाईचे कान लाल झाले. "बाई, थे बाईमाणसापुढं म्हनाचं गाणंच नाई. एकदम खराब हाये. मी तं रमजानच्या महिन्यात कानात बोटं घालतो."

मी तिथेच रुळाच्या कडेला खडीवर बसले. भाऊ माझ्याविरुद्ध गप्प नव्हते. माझ्यासाठी गप्प होते. आणि मी माझ्या सुंदर अक्षरात त्यांच्या नोकरीवर डाग पाडायला निघाले होते.

त्या रविवारी मी त्यांच्या गावी गेले. मूर्तिजापूरहून काळीपिवळी जीपने अर्धा तास. भाऊ अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत होते, मला पाहून उठून सरळ घरात गेले. चंद्रकलाबाई, त्यांची बायको, बाहेर आल्या. ठेंगण्या, गोल, बोलायला मोकळ्या. पाणी दिलं, अंगणातल्या चुलीवर चहा टाकला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "त्या गाण्याच्या पायी आल्या नं तुमी?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मले कोन सांगते! पन अख्ख्या गँगच्या बायकाईले मालूम हाये, मंग मले मालूम होनारच नं." त्या चुलीपुढे बसल्या बसल्या हसायला लागल्या. "बाई, त्या गाण्यात एक बाईचं नाव घ्या लागते. आधीचा बोलणारा कोनाचंबी नाव घे. मंग भांडणं होत. हे बोलणारे झाले तवा यायनं काय केलं, दुसऱ्याच्या बायकोचं नाव काहून घ्याचं म्हनून माझंच नाव टाकलं त्याच्यात. वीस वर्सं झाली, अकोला लायनीवर माझ्या नावानं रूळ सरकून राहिले, अन् मी एक डावबी ऐकलं नाई!"

आतून भाऊंचा आवाज आला, "चूप बस ना वं!"

"काहून चूप बसू? चोरी केली का म्या?"

मी दाराशी गेले आणि त्यांची माफी मागितली. रडू येत होतं, ते मी लपवलं नाही. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "तुमची काय गलती बाई," ते म्हणाले. "तुमी धाकट्या बहिनीवानी. तुमच्यापुढं थे तोंडातून निंगत नाई. लय कोशिश केली मी. रूळ राह्यला तं राह्यला म्हटलं."

"पण मला सांगायचं होतं ना!"

"काय सांगू? सांगाचं म्हंजे म्हनाच लागलं असतं नं."

चुलीपुढून चंद्रकलाबाई म्हणाल्या, "मंग आता दुसरं बनवा एखांदं. रुळाले काय समजते त्याच्यात काय लिव्हलं थे!"

परतीच्या काळीपिवळीत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. माझे बाबा दर्यापूरकडे आमच्या गावात जयंतीच्या गायनपार्टीचे पेटीवाले होते. लहानपणी मी कोरसात बसायचे. एकाने ओळ फेकायची, दहाजणांनी झेलायची, हे मला कोणी शिकवायला नको होतं. सोमवारी भाकरी थापता थापता चार ओळी जुळल्या. भाकरीला थाप देताना जोर कुठे पडतो ते हाताला आपोआप कळतं.

मंगळवारी सकाळी साहेबांना गाठून रिपोर्ट मागे घ्यायचा आहे असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. साहेब इतके हसले की शेजारच्या खोलीतला क्लार्क पाहायला आला. मग चष्मा पुसत म्हणाले, "अहो पण कागदावर काय लिहू?" शेवटी 'गैरसमज' असं लिहून फाईल बंद झाली. डाग लागायचा वाचला आणि भाऊ गँगमध्ये परत आले.

बुधवारी मी गँगला बाभळीखाली बसवलं आणि माझं गाणं म्हणून दाखवलं. एकही माणूस मान वर करेना. मी एकटीच म्हणत होते:

आली आली आली गाडी, हय्या!
जवाई उभा दारात, हय्या!
मांडे मागून राह्यला लेकाचा, हय्या!
ढकला त्याले घरात, हय्या!

गाणं संपलं. मग तुळशीरामभाऊंनी घसा खाकरला. "गाणं बरं हाये. पन बाई, तुमी पयल्याच ओळीत सगळा जोर लावून राहिल्या. मानूस तिथंच थकते. आधीच्या तीन ओळी नुसती पकड घ्यासाठी असतात. रूळ सरकते थो चवथ्या ओळीवर. 'ढकला' जरा लांबवा. ढ... क... ला! अन् मंग हय्या." त्यांनी म्हणून दाखवलं. आवाज असा की बाभळीवरचे पक्षी उडाले. इतक्या वर्षांत गाण्याबद्दल मला इतकी नेमकी गोष्ट बाबांनीही सांगितली नव्हती.

गुरुवारी मी लांब जाऊन नजर लावली. उजवा हात हलवला. भाऊंची ओळ आली, "आली आली आली गाडी..." आणि आठ गळ्यांतून 'हय्या' निघालं. चौथ्या ओळीला माझ्या डोळ्यादेखत तो हट्टी रूळ हलला. जवाई घरात गेला. पंधरा-वीस वेळा जवायाला घरात ढकलल्यावर मी दोन्ही हात वर केले. ब्लॉक संपायला अजून बारा मिनिटं होती. भाऊ तिथूनच ओरडले, "बाई, जवाई जेवला काय?"

पुढे त्या गाण्याला गँगने काय काय जोडलं ते विचारू नका. जवायानंतर साहेब आले, साहेबांची जीप आली, माझी नणंदसुद्धा आली. नंतर गँगमध्ये दोन मुली भरती झाल्या. त्यातली एक आता बोलणारी आहे आणि ती भाऊंपेक्षा मोठ्याने ओरडते. सभ्यतेचा तो पहिला महिना मात्र परत आला नाही. गँग पुन्हा माझ्यासमोर भांडायला, तंबाखू मळायला आणि मला तोंडावर चुकीचं ठरवायला लागली. मेट म्हणून मी खरी रुजू झाले ती तेव्हा.

आता भाऊंच्या निवृत्तीच्या दिवसाबद्दल. फाटकाजवळच थोडंसं काम निघालं होतं, रूळ बोटभर सरकवायचा. चंद्रकलाबाई सगळ्या गँगसाठी डब्यात मांडे घेऊन आल्या होत्या. मी त्यांना रुळापासून लांब, माझ्या मागच्या बाजूला उभं केलं. काम सुरू व्हायच्या आधी रफिकभाई माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "बाई, आज नजर जरा लांबून लावता काय?"

"किती लांबून?"

"ऐकू नाई येईन इतक्या."

मला समजलं. मी उठले आणि नेहमीपेक्षा दुप्पट लांब गेले, चंद्रकलाबाईंना बरोबर घेऊन. खाली वाकले, डोळा मिटला, हात हलवला.

वारा त्या दिवशी तिकडूनच आमच्याकडे होता. एकूण एक शब्द ऐकू आला. तो इथे लिहिता येणार नाही, दिवाळी अंक घरात सगळे वाचतात. एवढंच सांगते की रफिकभाई खोटं बोलला नव्हता, आणि त्यात चंद्रकलाबाईंचं नाव दोनदा येतं. दुसऱ्यांदा ते ज्या लाडाने घेतलंय, त्या लाडाने माझं नाव आयुष्यात कोणी घेतलेलं नाही.

नोकरीत एकदाच मी काम चालू असताना रुळावरून नजर काढली, ती तेव्हा. वळून पाहिलं तर चंद्रकलाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला होता.

मी भानावर येऊन हात वर करेपर्यंत उशीर झाला. रूळ बोटभर जास्तच सरकला होता. आता तो परत आणायला हवा होता. मी डावा हात हलवला. तिकडे सब्बली पलीकडच्या बाजूला गेल्या आणि भाऊंना ते सगळं गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हणावं लागलं.

रूळ जागेवर आला. मी दोन्ही हात वर केले.

मागून चंद्रकलाबाई हळूच म्हणाल्या, "बाई, नीट पाहा ना. अजून जरासक वाकडाच दिसून राहिला मले."